पाण्याखालचा जोडीदार

ताई,

येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. मी ४८, नवरा ५४, मुक्काम ह्यूस्टन. रौप्यमहोत्सव कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर साजरा करायचा असं नवऱ्याने ठरवलंय. सात रात्री, रोज तीन डाइव्ह. त्याने २००७ साली स्कूबाचं सर्टिफिकेट घेतलं होतं, पण २००९ नंतर तो पाण्याखाली गेलेला नाही. आता बीपीची गोळी चालू आहे. मी दोन वर्षांपूर्वी भारतवारीत मालवणला एकदा स्कूबा केलं. व्हिडिओत मी बोटं जुळवून 'मस्त' अशी खूण करतेय आणि तो सगळ्या ग्रुपवर फिरला. खरं सांगायचं तर मी बराच वेळ डोळे घट्ट मिटून मनात रामरक्षा म्हणत होते. हे कुणालाच माहीत नाही. आता त्याने मला न विचारता तिथल्या कोर्सला माझं नाव घातलंय. म्हणे सरप्राइज! एक्सेलमध्ये एकूण खर्च आलाय सहा हजार आठशे डॉलर. सासूबाई म्हणतात, एवढ्यात दोनदा इकडे येऊन जाल. मला पोहता येतं, म्हणजे तलावात दोन फेऱ्या मारते. नाही म्हटलं तर त्याचा हिरमोड, हो म्हटलं तर माझं काय होईल देव जाणे. मी भित्री आहे का? आणि एवढे पैसे ओतावेत असं त्या बेटात आहे तरी काय?

– ह्यूस्टनहून एक वाचक

प्रिय वाचक,

रामरक्षेपासून सुरुवात करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती अशी जाता जाता लिहिली आहे, की घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावी.

मालवणला पर्यटक जे करतात त्याला सगळेच स्कूबा म्हणतात. पण त्यात आपण डाइव्ह करत नसतो, आपल्याला कुणीतरी डाइव्ह करवून आणत असतं. प्रशिक्षकाने मागून आपल्या पाठीवरची हवेची टाकी धरलेली असते. जॅकेटात हवा किती भरायची, किती खाली न्यायचं, वर कधी आणायचं, सगळं त्याच्या हातात. आपण तोंडाने श्वास घ्यायचा, आणि त्याने पाव कुस्करून मासे जमवले की कॅमेऱ्याकडे बघून खूण करायची. लग्नात मामा मुलीला बोहल्यापर्यंत आणतो, तेवढंच आपलं त्यातलं कर्तृत्व. (जवळच तारकर्लीला एमटीडीसीचं रीतसर प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सर्टिफिकेटचे कोर्सही होतात. ती गोष्ट निराळी.) तर तुमची ती खूण घरच्यांनी खरी मानली, नवऱ्यानेही मानली, आणि आता तिच्या भरवशावर सहा हजार आठशे डॉलरची सहल उभी आहे. पैशांचं बोलण्याआधी ती खूण खोटी होती हे त्यांना कळायला हवं.

भित्र्या आहात का म्हणून विचारता. मी हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शिकले, तेही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला तलावातच गाडं अडलं. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं, असा एक धडा असतो. त्यात मी प्रशिक्षकाला लाथ मारून वर आले, कपडे बदलले आणि थेट घरी गेले. तो एवढंच म्हणाला, बरं झालं हे तलावात झालं. तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. त्याला काय म्हणायचं होतं ते थिअरीचं पुस्तक नीट वाचल्यावर कळलं.

दहा मीटर पाण्याखाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून कुणी तसंच वर आलं, तर तीच हवा पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुसांत तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात. म्हणून स्कूबाचा पहिला धडा हा, की श्वास कधीही रोखायचा नाही. आता घाबरलेला माणूस काय करतो ते आठवा. श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. जमिनीवर घाबरलं तर फार तर फजिती होते. पाण्याखाली त्या घाबरण्यातूनच इजा होते, आणि धरायला आलेला माणूसही तिच्यात सापडतो. आरडाओरडा करणारीला कुणीतरी सावरतं तरी. डोळे मिटून शांतपणे रामरक्षा म्हणणारी बाई शेजारच्याला अगदी मजेत असल्यासारखी दिसते.

स्कूबात एकट्याने जात नाहीत. बरोबरच्या माणसाला बडी म्हणतात, मराठीत आपण जोडीदार म्हणू, आणि मला वाटतं तुमच्या घरचा सगळा घोटाळा याच एका शब्दाने केला आहे. पंचवीस वर्षांचा जोडीदार तोच पाण्याखालचा जोडीदार, असं तुमच्या नवऱ्याने धरून ठेवलंय. पाण्याखालच्या जोडीदाराची कामं ठरलेली असतात. उतरण्याआधी एकमेकांचं जॅकेट, पट्टे, टाकीचा व्हॉल्व्ह तपासायचा. खाली गेल्यावर हाताच्या अंतरावर राहायचं. हवा किती उरली हे एकमेकांना विचारत राहायचं, आणि समोरच्याची संपली तर आपल्या टाकीला जोडलेला जादा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, त्याला देऊन, त्याला धरून, हळूहळू वर आणायचं. हे आज तुमच्याकडून होईल? इतक्या वर्षांत पाण्याखाली न गेलेल्या नवऱ्याकडून तरी होईल?

दुसऱ्या एखाद्या बेटावर हे इतकं ताणून धरलं नसतं. तिथे बोट असते, गाइड असतो, तो मोजून माणसं खाली नेतो आणि मोजून वर आणतो. बोनेरची गंमतच वेगळी आहे, म्हणून ते बेट थोडं समजून घ्या.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर, क्युरसाव या शेजारच्या बेटाच्या पूर्वेला हे बेट. क्षेत्रफळ २९० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, चलन मात्र २०११ पासून अमेरिकी डॉलर. भाषा पापियामेंतू आणि डच, पण इंग्रजीवर निभावतं. वारा जवळजवळ बाराही महिने पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा तळ्यासारखा. १९७९ साली बेटाभोवतीचा सगळा समुद्र साठ मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान म्हणून राखून ठेवला गेला. नांगर टाकायचा नाही, शिंपला उचलायचा नाही, हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, कारण हातमोजे असले की माणूस बिनधास्त पोवळ्याला धरतो.

पश्चिमेकडच्या रस्त्याच्या कडेने पिवळे रंगवलेले दगड ठेवले आहेत, प्रत्येकावर जागेचं नाव. भाड्याचा पिकअप ट्रक घ्यायचा, मागे टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं, सामान चढवायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. थोडं पोहून गेलं की पोवळ्यांचा उतार लागतो. पहाटे जा, रात्री जा, कुणी विचारत नाही. टाकी संपली की दुसरी उचलायची. हे गाइड नसणं, हे वेळापत्रक नसणं, यासाठी जगभरचे मुरलेले डायव्हर तिथे पैसे मोजून येतात. आणि नेमकं तेच तुम्हा दोघांना आज परवडणारं नाही. वीसेक किलोचं ओझं पाठीवर, पायाखाली मेलेल्या पोवळ्याचे घसरडे तुकडे, आणि पुढे काय करायचं हे सांगायला तिसरं माणूस नाही.

पाणी मात्र प्रेमळ आहे, हे कबूल करायला हवं. उबदार, साधारण सव्वीस ते एकोणतीस अंश. ओढ सहसा थोडीच. दूरवरचं स्वच्छ दिसतं. शिकायला याहून बरी जागा मिळणं कठीण, फक्त शिकवणारा बरोबर हवा.

आता तुमच्या नवऱ्याचं एक्सेल. मी ते पाहिलेलं नाही, तरी त्यातली चूक सांगू शकते. ह्यूस्टनहून थेट विमान आहे, पण ते आठवड्यातून मोजकेच दिवस, म्हणून सात रात्री. पोचायचा दिवस सामान उचलण्यात आणि ट्रक ताब्यात घेण्यात जातो. दुसऱ्या दिवशी उद्यानाचे नियम ऐकायचे आणि डाइव्ह शॉपच्या समोरच एक तपासणीची डाइव्ह करायची. ती सगळ्यांना सक्तीची, हजार डाइव्ह झालेल्यालासुद्धा. परतीच्या विमानाआधी किमान अठरा तास पाण्याखाली जायचं नाही, शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो. शहाणी माणसं अख्खा दिवस सोडतात. म्हणजे हाती उरले पाच, साडेपाच दिवस. त्यातले तीन-चार तुमच्या कोर्सचे. त्या दिवसांत तुम्ही तुमच्या प्रशिक्षकाबरोबर. आणि तुमचे हे? त्यांना जोडीदारच नाही! एक तर ते खोलीत बसणार, नाहीतर अनोळखी माणसांच्या गटात जाणार. मग शेवटी दीड दिवस उरणार, आणि त्यात एक कालच पास झालेली बाई आणि एक सोळा-सतरा वर्षं गंजलेला गडी असे दोघेच कुठल्याशा पिवळ्या दगडापाशी उभे राहणार. रोज तीन डाइव्हचा रौप्यमहोत्सव तो हा.

हे गणित त्यांना दाखवा. एक्सेल करणाऱ्या माणसाला भीतीपेक्षा गणित लवकर पटतं, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

पैशांचं म्हणाल तर बेट महाग आहे आणि महागच राहणार. जमीन कोरडी, निवडुंगाची. प्यायचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून करतात आणि खाण्याच्या बहुतेक सगळ्या वस्तू बाहेरून येतात. परदेशी पाहुण्यांना माणशी ७५ डॉलर प्रवेशकर, शिवाय उद्यानाची फी ४० डॉलर. ती फक्त डायव्हरला नाही, नुसतं पाण्यात उतरणाऱ्यालाही द्यावी लागते. दोघांचे २३० डॉलर इथेच गेले. पण मला त्या चाळीसांचं कधी वाईट वाटलं नाही. जगात कितीतरी ठिकाणी त्याच्या कितीतरी पट देऊन मेलेली पोवळी बघितली आहेत. वाचवायला जागा आहे ती जेवणात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, पोहे, भाजणी, मेतकूट पाकीटबंद न्या, आणि बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. दुसरी मोठी बचत तारखेत आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे हंगाम असतो, फेब्रुवारी ऐन त्यात. लग्नाचा वाढदिवस ह्यूस्टनमध्येच माणसं बोलावून, पुरणपोळी करून साजरा करा आणि बेटावर मे महिन्यात जा. खर्च कमी होईल, आणि मला जे हवंय ते मिळेल: तुमच्यासाठी तीन महिने.

त्या तीन महिन्यांत ह्यूस्टनमध्येच तलावातला भाग करून बघा. थिअरी घरबसल्या ऑनलाइन होते. तलावात सलग दोनशे मीटर पोहायचं असतं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं असतं. तुमच्या दोन फेऱ्यांच्या आज चार-पाच करायला लागा, तरंगणं तर रोज करा. एक अट मात्र माझी: नवऱ्याला तलावाच्या काठावरही उभं करायचं नाही. नवऱ्याकडून गाडी चालवायला शिकलेल्या सगळ्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. तुमचा प्रशिक्षक वेगळा, वेळ वेगळी, आणि पहिल्याच दिवशी त्याला मालवणचं खरं खरं सांगा. चांगला प्रशिक्षक तुम्हाला एका धड्यावर तीन दिवस बसू देईल. घाई करणारा निघाला तर फी बुडाली समजून दुसरा शोधा.

तलावात रुळलात तर तिथले कागद घेऊन बोनेरला जाता येतं, आणि मग समुद्रातल्या फक्त चार डाइव्ह उरतात. दोन दिवसांचं काम. नाही रुळलात, किंवा रुळूनही आवडलं नाही, तर ते तुम्हाला ह्यूस्टनमध्ये कळलेलं असेल, थोडक्या पैशांत, आपल्या गाडीने घरी जाता येईल अशा जागी. परक्या बेटावर, भरलेल्या पैशांकडे बघत, 'आता माघार कशी घेऊ' असं म्हणत पाण्यात उतरणं मला तुमच्यासाठी नको आहे.

ते परस्पर घातलेलं नाव तूर्त काढायला लावा. कोर्सच्या फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं देऊन सही स्वतःच करायची असते. बायकोसाठी साडी सरप्राइज म्हणून आणता येते, ही सही नाही आणता येत.

त्याच फॉर्मपाशी तुमच्या नवऱ्यालाही अडखळावं लागणार आहे. पंचेचाळीस ओलांडलेली असतील आणि रक्तदाब असेल, तर डॉक्टरची सही लागते. काही डाइव्ह शॉप ती बघितल्याशिवाय टाकी देत नाहीत, आणि तिथे जाऊन डॉक्टर शोधत बसण्यात सुट्टीतला एक दिवस जातो. सही निघण्यापूर्वी घ्या, आणि ती नुसती सही नको. तो डॉक्टर बीपीची कोणती गोळी चालू आहे हे बघून, हृदय तपासून मग हो म्हणणारा हवा. शिवाय त्यांनी ह्यूस्टनमध्ये एक रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स, करायचा. डायव्हिंगच्या अपघातांचा वेगळा विमा मिळतो, डॅनसारख्या संस्था तो देतात, तो दोघांचाही काढा. पहिले दोन दिवस गाइड घ्यायचा. आणि त्यांच्या यादीत हिल्मा हूकर असेलच, पैज लावते. १९८४ च्या सप्टेंबरात बुडालेलं मालवाहू जहाज. आत चोरकप्प्यात गांजा सापडला, मालक पुढे आला नाही, आणि शेवटी ते पाणी शिरून तिथेच आडवं झालं. गोष्ट झकास आहे, पण ते तीस मीटरवर वाळूत पडलंय. साध्या ओपन वॉटर सर्टिफिकेटची मर्यादा अठरा मीटर. तेव्हा ते जहाज या खेपेला नाही.

दोन-चार किरकोळ गोष्टी. भाड्याचा ट्रक किनाऱ्यावर ठेवताना काचा खाली, दारं उघडी आणि आत काहीही नाही, अशी तिथली रीत आहे. भुरटे चोर आहेत, कुलूप दिसलं की काच फुटते. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन बेटावर चालत नाही, लांब बाह्यांचा पोहायचा सदरा घ्या. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसाचं तिकिटाआधी डच वकिलातीकडून पक्कं करून घ्या. बोनेर नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, आणि तिथे बरेच जण फसतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, त्या बेटात आहे तरी काय. म्हणजे तुम्ही डाइव्ह केलीच नाही, तर तुमच्या वाट्याला काय?

माझ्या बहिणीला मी नेलं होतं. ती टाकीला हात लावणार नव्हती आणि शेवटपर्यंत लावला नाही. मास्क, स्नॉर्कल आणि अंगात तरंगतं जाकीट, एवढ्यावर तिने आठवडा काढला आणि माझ्याइतकंच बघितलं. इथली पोवळी किनाऱ्याजवळच सुरू होतात, त्यामुळे वर तरंगणाऱ्यालाही पुष्कळ मिळतं. विमानतळाशेजारी ते आमो नावाचा किनारा आहे (नावाचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', आता रौप्यमहोत्सवाला आणखी काय हवं), तिथे सकाळी कासवं दिसण्याची बरीच शक्यता. पश्चिम किनाऱ्यासमोर अर्ध्या-पाऊण मैलावर क्लाइन बोनेर हे निर्मनुष्य बेट, छोट्या बोटीने जायचं आणि पाण्याच्या संथ ओढीबरोबर किनाऱ्याने तरंगत यायचं. पोपटमासे पोवळं कुरतडतात त्याचा आवाज पाण्यात कान बुडवले की चक्क ऐकू येतो, कुणी चकल्या खात बसल्यासारखा. हजार पायऱ्या नावाची जागा आहे. पायऱ्या सत्तरच्या आतबाहेर, पण टाकी पाठीवर घेऊन चढणाऱ्यांना त्या हजार वाटतात, म्हणून ते नाव. तुम्ही टाकीशिवाय टुणटुणीत चढाल आणि नवऱ्याची वाट बघत वर बसाल. दक्षिणेला गुलाबी मिठागरं आणि फ्लेमिंगो. त्याच रस्त्यावर समुद्रकाठी उभ्या असलेल्या, कमरेएवढ्या दाराच्या दगडी खोपट्या दिसतील. १८५० च्या सुमारास मिठागरांवर राबणाऱ्या गुलामांसाठी बांधलेल्या. त्यातल्या एकीत वाकून शिरून बघा. आम्ही दोघी त्या दिवशी नंतर बराच वेळ बोललो नव्हतो.

वीस वर्षांपूर्वीचे फोटो बघून मात्र जाऊ नका. २०२३ मध्ये पोवळ्यांचा एक वाईट रोग बेटावर पोचला, त्यातच पाणी तापून पोवळी पांढरी पडली. तरीही पुष्कळ शिल्लक आहे.

सासूबाईंचा हिशोब चुकीचा नाही. त्यांना सांगा की भारतात यायचंच आहे, आणि बोनेरच्या भटक्या गाढवांचे फोटो नेमाने पाठवा. बेटावर गाढवं फार आहेत.

नवऱ्याशी कसं बोलायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त सुरुवात पैशांनी करू नका. सासूबाईंच्या वाक्याने तर नकोच. डायव्हिंगमध्ये वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'छान' असा होत नाही, 'वर जाऊ या' असा होतो. तो कुणीही, कधीही दाखवू शकतं, आणि दाखवला की जोडीदाराने कारण न विचारता वर निघायचं असतं. हे त्यांना कोर्समध्ये शिकवलेलं आहे. त्यांना एवढंच म्हणा: "मालवणला मला अंगठा दाखवायचा होता, पण मला ती खूण माहीत नव्हती. आज दाखवतेय." ज्यांनी हे शिकलंय त्यांना पुढचं सांगावं लागू नये. हिरमोड होईल, थोडा. एका संध्याकाळचा.

आणि खरा रौप्यमहोत्सव टाकीशिवाय होऊ शकतो. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांत, सूर्य मावळून पाऊणएक तास झाला की, म्हणजे पुरता अंधार पडलेला आणि चंद्र अजून उगवायचा असतो तेव्हा, पोवळ्यांवरच्या पाण्यात ऑस्ट्रॅकॉड चमकू लागतात. तिळाएवढे कवचाचे जीव. नर माद्यांना बोलावण्यासाठी निळ्या प्रकाशाचे थेंब सोडत वर चढतात, एकाखाली एक थेंबांची माळ लागते, आणि एक विझते न विझते तोवर शेजारी दुसरी. टॉर्च बंद ठेवायचा. थोडाच वेळ चालतं ते सगळं. डाइव्ह शॉपच्या धक्क्याशीच, तिथला कुणीतरी बरोबर घेऊन, उजेड असतानाच पाण्यात उतरा. तेवढंही नको वाटलं तर धक्क्याची शिडी घट्ट धरा आणि नुसतं मास्क लावलेलं तोंड पाण्यात बुडवा. डोळे मात्र उघडे ठेवा. नवऱ्यालाही शेजारी शिडी धरायला लावा, त्यांनी २००७ मध्ये हे बघितलेलं नसणार.

तिथी तुमच्या लक्षात आलीच असेल. संकष्टीला आपण ज्या चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसतो, तो उगवायच्या आत त्यांचं सगळं उरकतं. सासूबाईंकडे कालनिर्णय असेलच. मेमधली संकष्टी कोणत्या वारी येते ते त्यांनाच फोन करून विचारा, आणि ती आठवड्याच्या मधोमध पडेल असं तिकीट काढा. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी चालतं. उपास करत असाल तर साबुदाणा ह्यूस्टनहूनच न्या, तिथे शोधत बसू नका.